मशेरी, मावा, गुटखा : फरक काय, आणि सोडायचं कसं?

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीची वही उघडण्याआधी एक प्रश्न विचारून बघा. "आपल्यात तंबाखू कोण खातं?" बहुतेक सगळ्या माना नाही म्हणून हलतील. मग विचारा, "मशेरी कोण लावतं?" आता हसू फुटेल, एकमेकींकडे बोटं जातील. कुणी म्हणेल, "ती काय तंबाखू आहे होय? दात घासायची असते ती."

या महिन्याचा धडा याच उत्तराबद्दल आहे. मशेरी म्हणजे तंबाखूच. कुणी तिला मिश्री म्हणतं, कुणी मिसरी. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं. त्यात दुसरं काहीही नसतं. आणि आपण तिला तंबाखू म्हणतच नाही, म्हणून ती सोडायचा विचारही कधी आपल्या मनात येत नाही.

दशसूत्रीतलं सहावं सूत्र आरोग्याचं. बचत, कर्ज, परतफेड यांवर आपण तासभर बोलतो आणि आरोग्याचा विषय आला की चहा येतो. या वेळी चहा जरा उशिरा येऊ द्या. ज्या वाचू शकतात त्यांनी मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी मध्येच थांबवून विचारा.

आधी आकडे

केंद्र सरकारने २०१६-१७ मध्ये देशभर घरोघरी जाऊन तंबाखूची पाहणी केली. त्यात महाराष्ट्राचं चित्र वेगळंच निघालं. बिडी-सिगारेट ओढणारे आपल्याकडे शंभरात चारसुद्धा नाहीत. पण खायची, लावायची, चघळायची तंबाखू वापरणारे शंभरात २४ आहेत. नुसत्या बायका मोजल्या तर शंभरात १६-१७, म्हणजे साधारण सहा बायकांत एक. दहा-बारा जणींच्या गटात दोघी तरी. आपल्या मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर आणि कल्याणच्या आसपासच्या गावांत आकडा किती असेल, ते तुम्हीच हात वर करायला सांगून मोजा.

म्हणून "आमच्या घरात कुणी ओढत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्याकडचं दुखणं धुराचं नाही, डबीचं आणि पुडीचं आहे.

कशात काय असतं

टपरीवर आणि घरात जे जे मिळतं ते एकेक बघू. यात "चांगली कोणती" हे शोधायचं नाही. प्रत्येकीची पकड वेगळ्या जागी असते. ती कळली की सोडवायला सोपं जातं.

मशेरीपासून सुरुवात करू. ती हिरड्यांना लावली जाते, बोटाने चोळली जाते, अर्धा-अर्धा तास तोंडात राहते. "मी गिळत नाही, थुंकते," असं सगळ्याच म्हणतात. पण निकोटिन, म्हणजे ज्याची सवय लागते तो पदार्थ, गिळावा लागत नाही. तो हिरडीच्या आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून थेट रक्तात जातो. दुसरी समजूत अशी, की भाजल्यावर तंबाखूतलं वाईट जळून जातं. उलट होतं. भाजताना जो धूर आणि जळकेपणा तयार होतो, त्यात कर्करोग करणारे आणखी काही पदार्थ वाढतात. घरात मशेरी भाजली की लहान पोरं ठसकतात, आपलेही डोळे चुरचुरतात. तो धूर काय उगाच ठसका लावतो? आणि घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर कसलीच सूचना नसते. विकतच्या तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत भीतिदायक चित्र छापावं लागतं, तसा कायदा आहे. आजीच्या डबीवर ते कोण छापणार?

तंबाखू-चुना, म्हणजे तळहातावर मळून ओठाखाली ठेवायची ती. इथे चुन्याचं काम समजून घ्या. काही जणी म्हणतात, चुन्याने कॅल्शियम मिळतं. तंबाखूबरोबर घेतलेला चुना आतली कातडी भाजतो आणि निकोटिन लवकर रक्तात पोहोचवतो. म्हणून चुन्याची तंबाखू जोरात "लागते". आणि ती रोज एकाच जागी ठेवली जाते, म्हणून तिथेच आधी पांढरा चट्टा पडतो.

मावा हा आपल्या पट्ट्यातला पुरुषांचा खास. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून घासायचा. विदर्भात याच्याच भावाला खर्रा म्हणतात. गुटख्यातही हेच, वर कात आणि सुगंध. या दोघांत तंबाखूबरोबर सुपारी आहे, आणि सुपारी स्वतःच वाईट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूला आणि सुपारीला, दोघींना वेगवेगळं तपासून, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. सुपारीने तोंडातली कातडी आतून ताठ होते, गाल लाकडासारखे लागतात, तिखट खाववत नाही, आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. हा ताठपणा एकदा आला की पूर्ण मागे जात नाही. म्हणून "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खाते" ही सुटका नव्हे. लेकराच्या हातात गोड सुपारीची पुडी देणं तर नकोच.

महाराष्ट्रात गुटखा आणि पान मसाला यांच्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीवरही आली. बंदी आल्यावर काही ठिकाणी दोन पुड्या निघाल्या, एकीत मसाला आणि दुसरीत तंबाखू. घेणाऱ्याने दोन्ही फाडायच्या आणि तोंडात एकत्र करायच्या. कायद्याला फसवणारी ही युक्ती शरीराला फसवू शकत नाही.

तपकीर आणि गूळ. हा खायचा गूळ नव्हे, दाताला लावायची तंबाखूची बारीक पूड. यांची गोष्ट मशेरीसारखीच. दंतमंजनाबद्दल मात्र एक सांगायला हवं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. ही बंदी सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये योग्य ठरवली. म्हणजे तंबाखू ही दात घासायची वस्तू नाही, हे कायद्याने ठरून तीस वर्षं होऊन गेली. आपल्या ओट्यावर ती बातमी अजून आलेली नाही. आठवडी बाजारात बिनाव्याची काळी-लाल पूड "दातासाठी" म्हणून मिळाली तर घेऊ नका.

शहरातल्या पोरांकडे आता निकोटिनच्या छोट्या पांढऱ्या पिशव्या दिसतात. तंबाखूचं पान त्यात नसतं, म्हणून "सुरक्षित" म्हणून सांगतात. परदेशात, स्वीडनमध्ये, स्नस नावाची वाफवलेली तंबाखू आहे, तिचंही उदाहरण कुणी देईल. तिच्यात कर्करोग करणारे काही पदार्थ आपल्या तंबाखूपेक्षा बरेच कमी असतात, हे खरं. पण तो माल वेगळा, आपला मावा वेगळा. आणि त्या पिशवीतही सवय लावणारं निकोटिन आहेच. ज्या पोराला काहीच सवय नव्हती त्याला ती लागते, यात कसला फायदा?

मशेरी लागते कशाला?

हा भाग जरा सावकाश वाचा. सोडायचं की नाही ते इथेच ठरतं.

कुणी शौक म्हणून मशेरी धरत नाही. दाढ दुखत होती, कुणीतरी म्हणालं लाव. जरा वेळ बधिर वाटलं, बरं वाटलं. किडलेली दाढ मात्र तशीच राहिली आणि मशेरी कायमची झाली. किंवा लग्न होऊन आलो, सासू आणि जावा दुपारी ओट्यावर डबी घेऊन बसायच्या. तेवढाच वेळ आपला, तेवढंच बोलणं. न लावणारी एकटी पडते. किंवा भाताच्या लावणीच्या दिवसांत, सकाळपासून वाकून, भूक लागलेली आणि भाकर यायला वेळ. चिमूटभर लावली की भूक मरते. भूक मरते हे खरं आहे, निकोटिन ते करतं. म्हणूनच जिला आधीच पोटभर मिळत नाही तिच्यासाठी ते जास्त वाईट.

आणि सगळ्यांत मोठं कारण, जे बायका पुरुषांसमोर सांगत नाहीत. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. टिटवाळ्याहून, वासिंदहून, बदलापूरहून पहाटेच्या लोकलने डोंबिवलीला, ठाण्याला कामाला जाणारीला दिवसभर जागा मिळेल न मिळेल. मग घरून निघण्याआधीच उरकायला हवं. यात खोटं काही नाही. निकोटिनमुळे आतडी हलतात. पण वर्षानुवर्षं रोज लावली की आतडी तिच्याच भरवशावर बसतात. सोडल्यावर दोन-तीन आठवडे पोट जड राहतं आणि बाई म्हणते, "बघा, मला सोसतच नाही." सोसत नाही असं नाही, आतडी नव्याने शिकत असतात. तेवढे दिवस उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात भाजी जास्त, पेरू-पपई परवडेल तेव्हा, रात्री भिजवलेल्या मनुका. तरीही त्रास झाला तर आरोग्य केंद्रात औषध मिळतं. हे आधी माहीत असलं तर अर्ध्या जणी परत डबीकडे वळणार नाहीत.

गरोदरपणात

सुनेला दिवस गेलेत, मळमळतं, वास सहन होत नाही. घरातलीच कुणी मोठी बाई मायेने म्हणते, "थोडी मशेरी लाव गं, तोंडाला चव येईल." मायेनेच सांगते ती. पण यातून काय होतं, ते आपल्याच शेजारी, मुंबईत, मोजलं गेलंय.

मुंबईत १२१७ गरोदर महिलांची नोंद करून त्यांची बाळंतपणं होईपर्यंत पाठपुरावा केला गेला. हा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. यांतल्या शंभरात १७ जणी तंबाखू वापरत होत्या, आणि त्यातही बहुतेक मशेरीच. तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी जन्मली आणि सरासरी सहा दिवस आधी. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण आपल्याकडे किती बाळं काट्यावर अडीच किलोच्या जरा वर किंवा जरा खाली भरतात ते अंगणवाडीताईला विचारा. त्या काठावर शंभर ग्रॅम म्हणजे बाळ घरी जाणार की काचेच्या पेटीत, एवढा फरक. त्याच महिलांच्या नोंदींवरून पुढे असंही दिसलं, की तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मूल पोटातच दगावण्याचा धोका अडीच पटीहून जास्त होता. आणि त्यांच्या अंगात रक्तही कमी होतं.

हे वाचून जिचं मूल पूर्वी गेलंय तिने स्वतःला दोष देत बसू नये. मूल जाण्याची कारणं अनेक असतात आणि त्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. पण आज जिच्या पोटात बाळ आहे, तिला हे सांगणं आपलं काम आहे. लोहाच्या गोळ्या एका हाताने द्यायच्या आणि मशेरीची डबी दुसऱ्या हाताने, हे चालायचं नाही.

गरोदर बाईने हळूहळू कमी करायची वाट बघू नये. आजच बंद करावी. "एकदम सोडली तर बाळाला धक्का बसेल" ही भीती खोटी आहे. चिडचिड होईल, डोकं दुखेल, पण त्याने बाळाला अपाय होत नाही. उलट ज्या दिवशी बंद केली त्या दिवसापासून बाळाचा फायदा सुरू होतो. मळमळीला थोडं थोडं खावं, कोरडी भाकर, चुरमुरे, आलं, लिंबू. बाळंतपणानंतरही, अंगावर पाजत असेपर्यंत तरी, पुन्हा सुरू करू नये, कारण निकोटिन दुधात उतरतं.

सोडायची तऱ्हा

पहिले सात दिवस काहीही सोडू नका. फक्त लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर रेघ ओढा, पोरीला सांगा. कितीदा लावली, कधी, कुणाबरोबर, कशासाठी. सात दिवसांनी दिसेल, की पाच वेळांपैकी दोन वेळा खरी तलफ होती, बाकी तीनदा कुणीतरी डबी पुढे केली म्हणून लावली.

मग तारीख ठरवा. घरात लग्न, जत्रा, लावणीचा जोर असेल तो आठवडा नको. ठरलेल्या दिवसापर्यंत आधी फुकटच्या तीन वेळा बंद करा. दुपारची आणि संध्याकाळची आधी, सकाळची सगळ्यांत शेवटी. काहींना एकदम सोडणं सोपं जातं. त्यांनी तसं करावं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. एक मात्र नाही : "कमी केली आहे" म्हणून वर्षभर तिथेच थांबणं.

ठरलेल्या दिवशी डबी घरातून बाहेर. माळ्यावर ठेवू नका. भाजायचा तवा असेल तर घासून भाकरीला घ्या. दातांसाठी ब्रश-पेस्ट किंवा कडुनिंबाची काडी. दाढ दुखत असेल तर तिचं काम आधी करून घ्या, नाहीतर पहिल्याच कळेला डबी आठवेल.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. राग येतो, झोप लागत नाही, हात सारखे तोंडाकडे जातात, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तलफ येते तेव्हा ती जन्मभर राहणार असं वाटतं, पण एक तलफ पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा असतो. पाणी घोट घोट प्या, बडीशेप, ओवा, भाजलेले तीळ, लवंग चघळा, जागेवरून उठा, शेजारणीला हाक मारा. पदराच्या गाठीत डबीऐवजी बडीशेपेची पुडी बांधा. हाताला काहीतरी सापडलं पाहिजे, रिकामा हात वाईट.

चुकून एकदा लावली गेली तर "झालं, संपलं" म्हणू नका. कर्जाचा एक हप्ता चुकला म्हणून आपण गट मोडत नाही. पुढच्या दिवसापासून परत सुरू करा. पण कुठे घसरलं ते बघा. लग्नात? भांडणानंतर? पुढच्या वेळी त्या जागी आधीपासून तयारीने जा.

जिला दिवसात सात-आठ वेळा लागते, किंवा उठल्याबरोबर अर्ध्या तासात लागतेच, तिला नुसत्या जिद्दीवर जड जाईल. तिच्यासाठी औषधाच्या दुकानात निकोटिनचा गम मिळतो. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय, ४ चा डॉक्टरांच्या चिठ्ठीने. तो चुइंगमसारखा कचाकचा चावायचा नाही. हळू दोन-चार वेळा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही, चहाने त्याचा गुण कमी होतो. गम चालू असताना मशेरी नाही. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, हृदयाचा आजार असेल किंवा तोंडात जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गमही नको. तीनेक महिन्यांत तो कमी करत बंद करायचा असतो, नाहीतर डबी गेली आणि गम आला.

फोनवरही मदत आहे. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखूमुक्तीचा क्रमांक. पैसे लागत नाहीत. तंबाखूच्या पाकिटांवर तो छापलेला असतो, पण मशेरी घरी भाजणाऱ्या बाईला तो दिसणार कसा? म्हणून इथे देतोय. या सेवेच्या केंद्रांपैकी एक परळच्या टाटा रुग्णालयात आहे. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर संदेश येत राहतात.

गट काय करू शकतो

एकटीने सोडणं कठीण, कारण डबी पुढे करणारी आपलीच मैत्रीण असते. दोघी-दोघींनी जोडी लावून सोडा. एकीला तलफ आली की दुसरीकडे जायचं. बैठकीत मशेरी नाही, असा ठराव वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या. दुपारचा ओटा मोडू नका. गप्पा राहू द्यात, फक्त डबी नको. त्या गप्पांसाठीच तर बायका मशेरीला बसतात.

हिशेब आपल्याला येतोच. समजा घरात नवऱ्याचा मावा आणि आपली मशेरी मिळून रोजचे २० रुपये जातात. महिन्याचे ६००, वर्षाचे ७,३००. महिना १०० रुपये बचत करणाऱ्या सहा जणींचं वर्षभराचं जमा होतं त्याहून हे जास्त आहे. नवऱ्याला भाषण देण्यापेक्षा हा आकडा कागदावर लिहून दाखवा. आधी आपली डबी बाहेर गेलेली असली तर त्या कागदाला वजन येतं.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलते. गटाच्या कर्जातून किराणा दुकान, टपरी काढणाऱ्या बहिणी आपल्यात आहेत. दुकानात पुड्यांची माळ लावली की गिऱ्हाईक येतं, हे खरं. पण गुटखा विकणं गुन्हा आहे, पकडला तर माल जाईल आणि कर्ज डोक्यावर राहील. साधी तंबाखूसुद्धा १८ वर्षांखालच्या मुलाला विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कुणालाच नाही. माझं मत स्पष्ट आहे : कर्जाचा अर्ज मंजूर करताना गटाने विचारावं, की दुकानात काय काय ठेवणार? आणि पोराला "जा, पुडी घेऊन ये" म्हणून टपरीवर पाठवणं आजपासून थांबवा.

तोंड तपासा, आशाताईला खरं सांगा

सोडली तरी पूर्वीची वर्षं तोंडात असतात. महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन बघा. ओठ बाहेर ओढून, गालाच्या आत, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, मानेत गाठ. तिन्ही बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तोंड आखडतंय. यातलं काहीही असलं तरी घाबरून लपवू नका. चट्टा म्हणजे कर्करोगच असं नाही, तंबाखू सोडल्यावर कित्येक चट्टे आपोआप जातात. पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी गावातल्या आरोग्य उपकेंद्रात सरकारी कार्यक्रमातून होते. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरते त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. तेव्हा "नाही" म्हणून मोकळ्या होऊ नका. मशेरी लावता तर "हो" सांगा. पुढे दाखवायची वेळ आली तर मुरबाडला ग्रामीण रुग्णालय, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणला महापालिकेचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, आणि कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. मोठा आजार निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड बरोबर ठेवा.

गरोदर बहिणींनी दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी चुकवू नये. त्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टर खास गरोदर महिलांना बघतात. जाताना सासूबाईंनाही बरोबर न्या. बाळाचं वजन आणि मशेरी याबद्दलचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या, उत्तर त्यांच्याच कानावर पडेल. डबीसुद्धा पिशवीत टाकून न्या, म्हणजे आठवड्याला किती लागते ते नेमकं दाखवता येईल.